समोरचा ओटा

आमच्या समोरच्या बाईच्या दारात जेवढा माणसांचा राबता होता, तेवढा अख्ख्या रहिमतपुरात कुणाच्या दारात नसेल. आणि त्यातलं एकही माणूस पाहुणं म्हणून यायचं नाही. सगळे पैसे मागायला यायचे. नवऱ्याच्या आजारपणात आधी तिचं सोनं गेलं, मग साडीचं दुकान गेलं, शेवटी नवराही गेला. घर भाड्याचं. तरी उजाडलं की किराणावाला, औषधवाला, कापडवाला ओट्यावर हजर. मी जन्मात कुणाचा रुपया बुडवला नाही. माझ्या ओट्यावर वाळत घातलेल्या कुरडया तेवढ्या बसतात.

येणारा तावातावानं यायचा. ही म्हणायची, "आवं दादा, आदी च्या घ्या, मग शिव्या द्या." साखर त्याच्याच दुकानची, तीही उधारीची. चहा होईपर्यंत त्याच्या सुनेचं बाळंतपण, त्याचे गुडघे सगळं विचारून व्हायचं आणि शेवटी, "आनखी दोन दिस थांबा." माणूस थांबायचा! ओट्यावर रोज भेटून भेटून किराणावाल्याच्या मुलाचं औषधवाल्याच्या मुलीशी जमलं आणि मानाची साडी मिळाली हिला. माझ्या लेकीचं जमवताना मी चपला झिजवल्या. मांजर तिचं, दूध प्यायचं माझ्याकडे, झोपायचं तिच्या पायाशी. मला मात्र तिनं कधी चिमूटभर मीठ उसनं मागितलं नाही. "तुमचं माप लय काटेकोर, आक्का," म्हणायची. ते मला लागायचं.

पण दवाखान्यासाठी काढलेल्या कर्जाचं व्याज फुगत गेलं. कर्जवसुलीची पोरं फोनवर नाही नाही ते बोलायला लागली. बाई जेवेना, झोपेना. शेवटी मीच तिला एसटीत घालून साताऱ्याला वकिलाकडे नेलं. त्यानं विचारलं, "मालमत्ता काय?"

"एक मांजर हाय, सायेब. पन ते बी आक्कांच्यात जेवतं."

वकील हसला. कोर्टात नादारीचा, म्हणजे फेडायची ऐपतच नाही असा, अर्ज करता येईल, कोर्टाला पटलं तर तगादा थांबेल, असं त्यानं समजावलं. "मग पैसे मागायला कुणी दारात येणार नाही."

"कोनीच?" तिनं विचारलं.

मला संताप आला. "अगं, सुटशील की!"

"सुटंन, आक्का. पन मग बोलू कुनाशी?"

समोर मी राहते, हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी वकिलाची फी विचारली.

तिनं अर्ज केला. बऱ्याच तारखा पडल्या, पण सुटली. ओटा रिकामा झाला. किराणावाला मान फिरवून जायला लागला. त्याचंही बरोबर, त्याचे पैसे बुडाले होते. समोरची गर्दी एकदाची गेली म्हणून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

एका सकाळी ती पोचे पडलेली वाटी घेऊन माझ्या दारात उभी. "आक्का, साकर हाय का? दुकानात जायला त्वांड न्हाई मला."

मी वाटी भरली. बोटानं काठाबरोबर सपाट केली. "परत करायची," मी बजावलं. "रोज मागायला येणार मी."

ती साखर अजून आलेली नाही. मी रोज सकाळी जाते, ओट्यावर बसते. ती माझ्याच साखरेचा चहा माझ्यापुढे ठेवते. मांजर माझ्याकडे बघतसुद्धा नाही.

"आनखी दोन दिस थांबा, आक्का," ती म्हणते.

मी थांबते.