तुलनेचं घर

मी नांदेडला एम.एस्सी. करत होते. विषयाचं नाव लांबलचक होतं, शाश्वत विकास आणि हवामान धोरण. लातूरला कुणी विचारलं की अप्पा सांगायचे, "पोरगी हवामानाचं शिकून राहिली." त्यावर समोरचा हमखास विचारायचा, "मग यंदा पाऊसपाणी कसं हाय म्हणते?" अप्पा माझ्याकडे बघायचे आणि मी हसून वेळ मारून न्यायचे.

अप्पांचं लातूरला पत्र्यांचं दुकान आहे. कपाळावर विभूती लावून सकाळी दुकान उघडतात आणि दिवसभर लोकांच्या डोक्यावरचं छप्पर विकतात. माझी फी त्यातूनच गेली. तेव्हा मला त्यात विचार करण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी प्रबंधासाठी मॅडमनी आम्हाला नांदेडमधली रेल्वे रुळांपलीकडची एक पत्र्यांच्या घरांची वस्ती दिली. उन्हाळ्यात काही घरांच्या पत्र्याला ऊन परतवणारा पांढरा रंग द्यायचा, काही घरं तशीच ठेवायची, आणि दोन्हींच्या आत तापमान नोंदवणारी छोटी यंत्रं लावून फरक बघायचा. फरक सिद्ध झाला तर महापालिकेकडे योजना मांडायची. तशीच ठेवलेली घरं म्हणजे आमची 'तुलनेची घरं'. कोणतं घर कशात जाईल हे आम्ही ठरवायचं नाही, म्हणून वस्तीतल्या समाजमंदिरात चिठ्ठ्या टाकल्या. ज्या घराबद्दल मी सांगतेय, त्याची चिठ्ठी मीच उचलली होती.

त्या घरात एक ताई ब्लाऊज शिवायच्या. नवरा धान्याच्या मोंढ्यात हमालीला जायचा, तो सकाळी गेला की अंधार पडल्यावर यायचा. सासूबाई दिवसभर घरीच असत. त्यांना मी आजी म्हणायचे. खोली एकच होती. दारापाशी शिवणयंत्र, आत आजींची बाज, आणि बाजेच्या वरच भिंतीवर आमचं यंत्र, काडेपेटीएवढं.

आठवड्यातून एकदा मी लॅपटॉप घेऊन जायचे आणि यंत्रातल्या नोंदी उतरवून घ्यायचे. दुपारीच जावं लागायचं, कारण सकाळी कॉलेज असे. मी आत आले की ताई शिलाई थांबवायच्या, माठातलं पाणी द्यायच्या आणि घरातला एकुलता एक टेबलफॅन आजींकडून माझ्याकडे वळवायच्या.

"राहू द्या ना ताई, आजींना लागू द्या वारा."

"त्यांना सवय हाय. तुम्ही उन्हातून आलात."

त्यांचा वारा तोंडावर घेत मी त्यांच्या घरातला उकाडा उतरवून घ्यायचे. पुस्तकात या सगळ्याला 'उष्णतेचा विषम भार' असं नाव होतं. परीक्षेत मी त्यावर छान लिहिलं होतं.

एप्रिल सरता सरता समोरच्या घराचा फरक वस्तीला कळायला लागला. त्या घराला रंग मिळाला होता. तिथलं लहान लेकरू दुपारी झोपायला लागलं, त्याची आई आमच्या ताईंना तसं सांगूनही गेली. त्या आठवड्यात ताईंनी मला विचारलं, "आमचा नंबर कधी लागायचा?"

"मे संपला की. अभ्यास झाला की सगळ्यांना देणार आहोत, नक्की."

"म्हंजे उन्हाळा सरल्यावर?"

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. आपल्या ऐकण्यात काही चूक झाली असेल असं वाटून त्यांनी विचारलं होतं. मी हो म्हणाले.

मग त्यांनीच दुसरी गोष्ट काढली. "पत्र्यावर गोणपाट टाकून पाणी मारलं तर? माझ्या माहेरी तसंच करायचे."

मी खरं ते सांगितलं. तसं केलंत तर नोंदी बिघडतील, घर अभ्यासातून बाद होईल, आणि मग नंतरचा रंग मिळेलच असं मला सांगता येणार नाही. पण तुम्हाला टाकायचं तर टाका, तुम्हाला कोणी अडवू शकत नाही. ताईंनी जरा विचार केला. गोणपाट पावसाळ्यात कुजून जाणार, रंग चार वर्षं टिकतो असं आम्हीच त्यांना सांगितलं होतं. "राहू द्या," त्या म्हणाल्या, "थोडक्यासाठी रंग कशाला घालवायचा."

तेव्हा मला हायसं वाटलं. आज त्या हायसं वाटण्याचीच लाज जास्त वाटते.

तरी मी मॅडमकडे गेले. एवढ्या एका घराला आत्ताच रंग द्या म्हणाले. मॅडमनी हातातलं काम बाजूला ठेवून माझं सगळं ऐकलं.

"एका घराला दिला तर बाकीच्यांना कोणत्या तोंडाने नाही म्हणायचं? आणि सगळ्यांना दिला तर पालिकेत पहिला प्रश्न येईल, गारवा रंगामुळे आला की वाऱ्यामुळे? त्याचं उत्तर आपल्याकडे नसेल. मग पुढे कुणालाच काही मिळणार नाही. मलाही हे आवडत नाही. थोडेच दिवस राहिलेत."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. ते बरोबर होतं, यातच खरी अडचण होती. मी मान हलवून बाहेर पडले.

त्या रविवारी लातूरला गेले तेव्हा राग कुणावर तरी काढायचा होता, तो अप्पांवर काढला. जेवताना म्हणाले, "तुम्ही विकता त्या पत्र्याखाली माणसं भाजून निघतात, माहीत आहे का तुम्हाला?"

आई म्हणाली, "जेवताना कशाला गं." अप्पांनी भाकरी मोडली आणि शांतपणे बोलले.

"भूकंप झाला तेव्हा तू नव्हतीस. दगडामातीच्या माळवदाखाली झोपलेली माणसं उठलीच न्हाईत. त्यानंतर लोक जड छताखाली झोपायला भ्यायचे, अंगणात झोपायचे. माझ्याकडनं पत्रा नेला, तेव्हा कुठं घरात गेले. गरम होतो, मला माहीत हाय. पण माणूस पत्रा नेतो ते त्याला त्या वक्ताला तेवढंच जमतं म्हणून. मी त्याला तेवढं तरी देतो. तू त्या बाईला काय देऊन राहिलीस?"

मी म्हणाले, पुढे योजना होईल, हजारो घरांना फायदा होईल. अप्पांनी मान डोलावून "हाव" म्हटलं आणि वरण मागितलं. त्यांनी वाद घातला असता तर बरं झालं असतं.

मेच्या मध्यावर एका दुपारी ताईंचा फोन आला. आजी बाजेवरून उठायला गेल्या आणि पडल्या. बोलत नव्हत्या, अंग तापलेलं होतं, घाम आटला होता. शेजाऱ्यांनी ऑटोतून सरकारी दवाखान्यात नेलं होतं. मी पोचले तेव्हा त्यांना सलाईन लावलं होतं, अंगावर ओली चादर होती. ताई भिंतीला टेकून उभ्या होत्या. मला पाहून म्हणाल्या, "तुम्हाला उगंच त्रास दिला. दुसरा कुणाचा नंबर सुचला न्हाई."

आजी वाचल्या. दुसऱ्या दिवशी बोलायला लागल्या, पण उजवा पाय पहिल्यासारखा राहिला नाही. मी डॉक्टरांना विचारलं, हे उन्हामुळेच झालं का? ते म्हणाले, "वय आहे, शुगर आहे, ऊनही आहे. नेमकं कशामुळे ते कसं सांगणार?" दोन वर्षं मी हेच शिकत होते, की एका माणसाच्या एका आजारपणासाठी हवामानाकडे बोट दाखवता येत नाही. वर्गात ते वाक्य शहाणपणाचं वाटायचं. दवाखान्याच्या व्हरांड्यात ते मला माझी सुटका करणारं वाटलं, आणि म्हणूनच त्याचा आधार मला घेता येईना.

मॅडम संध्याकाळी दवाखान्यात आल्या. आजींच्या पायाशी थोडा वेळ उभ्या राहिल्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "उद्या सगळ्या घरांना रंग द्या. अभ्यास इथेच थांबवू." मला वाटलं प्रबंध गेला. तसं झालं असतं तर कदाचित माझा काही भार कमी झाला असता. पण तोवरच्या नोंदी पुरेशा निघाल्या. शिवाय सगळ्यात ठळक आलेख निघाला तो त्याच दुपारचा. आजी पडल्या तेव्हा यंत्र त्यांच्या वर भिंतीवर चालूच होतं.

पावसाळ्यात पालिकेच्या सभागृहात मी तो आलेख पडद्यावर दाखवला. रंग दिलेल्या समोरच्या घराची रेघ निळी होती, ताईंच्या घराची लाल. दुपार चढत गेली तशी लाल रेघ वर गेली. एक अधिकारी म्हणाले, "हे फार परिणामकारक आहे." टाळ्या झाल्या. घरं अनामिक ठेवण्याचा नियम होता, तो मी पाळला. पुढच्या उन्हाळ्यासाठी दोन वस्त्यांचा खर्च मंजूर झाला आणि मला प्रबंधाला वर्गात सर्वात जास्त गुण पडले. अप्पांनी दुकानात पेढे वाटले. त्यांना मी सगळं सांगितलं होतं, तरी वाटले. "चांगलं झालं ते चांगलंच म्हणावं," एवढंच ते बोलले.

पुढच्या वर्षीच्या मुलांसाठी मॅडमनी पद्धत बदलली. आता आधी काही दिवस सगळ्या घरांच्या नोंदी घेतात आणि मग उन्हाळा तापायच्या आत सगळ्यांनाच रंग देतात. आधीचं आणि नंतरचं ताडून बघतात. आकडे जरा कच्चे येतात, पण कुणाला थांबायला सांगावं लागत नाही. मी विचारलं, हे आपल्याला आधी का सुचलं नाही? मॅडम म्हणाल्या, "सुचलं होतं. पक्के आकडे हवे होते." त्यांनी माझी नजर चुकवली नाही.

ताई आता नवरा आणि सासूबाईंसह मुदखेडला भावाच्या शेजारी राहतात. सासूबाईंना धरायला दिवसा कुणीतरी लागतं, म्हणून गेल्या. मागच्या दिवाळीनंतर मी त्यांना भेटायला गेले. वाटेत अर्धापूरची केळी घेतली होती. काय बोलायचं ते मनात पक्कं जुळवून ठेवलं होतं. पण ताईंनी मला बघताच भावजयीला हाक मारली, "आमच्या नांदेडच्या मॅडम आल्या," आणि चूल पेटवली.

मी म्हणाले, "ताई, त्या उन्हाळ्यात मी..."

"आता जेवूनच जा," त्या म्हणाल्या. "पिठलं चालतं ना?"

माफी मागायची तर समोरचं माणूस थोडं तरी रागावलेलं लागतं. इथे कुणी रागावलेलंच नव्हतं. मी पिठलं-भाकरी खाल्ली. जेवण झाल्यावर आजींना बाहेर बसायचं होतं. मी त्यांच्या काखेत हात घातला. त्या माझ्यापेक्षा हलक्या असतील असं वाटलं होतं, पण सगळा भार त्यांनी माझ्यावर टाकला आणि पाय ओढत ओट्यापर्यंत आल्या. बसल्यावर त्यांनी विचारलं, "तुझं लग्न झालं का न्हाई अजून?" मी नाही म्हणाले. मग गाडीची वेळ होईपर्यंत त्या मला मुदखेडातल्या कोणकोणत्या घरांत लग्नाची पोरं आहेत ते सांगत बसल्या.