जाळीवाला की चकत्यांचा

मुंबईत आलेल्या पोराची गोष्ट म्हटल्यावर तुम्ही सरसावून बसला असाल. आता पोरगी येणार, निदान मारामारी तरी येणार. बसा निवांत. इथे फक्त माझी दाढी येणार आहे, आणि ती रोजच येते.

मी विक्रोळीला मामा-मामीकडे राहायचो आणि मरोळच्या एका हॉटेलात रिसेप्शनवर ट्रायलला लागलो होतो. ब्लेड फिरवलं की मान सोलवटायची, नाही फिरवलं की आमच्या मॅडम खवळायच्या. शनिवारी त्यांनी शेवटचं सांगितलं, सोमवारी चेहरा गुळगुळीत नसेल तर रिसेप्शन विसर, सामानाच्या खोलीत बस.

म्हणून रविवारी शेव्हर घ्यायला गेलो. आमच्या गावात काय, न्हाव्यासमोर मान वर करून बसायचं, निवडायचं काही नसायचं. इथे एक जाळीवाला, एक तीन गोल चकत्यांचा, एक ओल्या तोंडावर चालणारा, एक कोरड्या. जाळीवाला उचलला तर सेल्समन म्हणाला, "डेली यूज है ना? फिर यही लो." चकत्यांचा उचलला. "डेली यूज है ना? फिर यही लो." मुद्दाम शेजारचा हेअर ड्रायर उचलला, तरी तेच. मामाला फोन लावला तर म्हणे मजबूत बघून घे, जसा काही मी मिक्सर घ्यायला गेलोय. शेवटी जाळीवाला घेतला. का, ते आजही विचारू नका.

घरी सेल्समनची नक्कल केली, मामी पोट धरून हसली. मग नवीन मशीन म्हणून तिने ते देवापुढे ठेवलं, हळद-कुंकू वाहिलं. आमच्याकडे फ्रिजलाही वाहिलं होतं.

सोमवारी पहाटे सगळे झोपलेले, म्हणून लाइट न लावताच दाढी केली. गाल झकास गुळगुळीत. साबणाने तोंड धुतलं आणि निघालो. हॉटेलच्या लिफ्टमधल्या आरशात बघतो तर कानापासून हनुवटीपर्यंत पिवळा, आणि साबण जिथे नीट निघाला नव्हता तिथे लाल. जाळीतली सगळी हळद मशीनने माझ्या गालात जिरवली होती, आणि हळदीला साबण लागला की ती लाल होते.

मॅडमनी बघितलं. "हळदीला बसून आलास का रे? नवरी कुठेय?"

मी म्हटलं, गुळगुळीत तर आहे ना मॅडम, हात लावून बघा. हे बोलायला नको होतं. दिवसभर सामानाच्या खोलीत, आणि उद्या हाच रंग दिसला तर कायमचा तिथेच.

संध्याकाळी मी मामीवर चिडायला गेलो. तिने खोबरेल तेलाचा बोळा घेतला आणि माझी हनुवटीच धरली.

"मेल्या, नव्या गाडीला हार घालतात, तो काचेवर तसाच ठेवून गाडी चालवतात काय? पूजा झाली की पुसून घ्यायचं असतं. पूजा मी करायची, पुसायचं पण मीच? दाढी कोणाची? आणि हलू नको. उद्या पिवळा गेलास ना, तर मीच येऊन सांगेन तुझ्या मॅडमला, ठेवा याला सामानात."