बाबांचा खांदा उघडा होता तेव्हा

आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली पहिली मीच. हे मी कोणी विचारायच्या आधीच सांगते, त्यात लाजायचं काय? बीएस्सी केलं, ऑपरेशन थिएटरची टेक्निशियन झाले, माजिवड्याच्या एका हॉस्पिटलात हाडांच्या ऑपरेशनला डॉक्टरांच्या समोर उभी राहते. कोपरीला आमच्या आळीत मात्र एवढंच कळलेलं, की पोरगी दवाखान्यात मांस ओढून धरते.

पूर्वी खरंच धरावं लागायचं. खांदा उघडला की स्नायू मिटायला बघतात. मग कोणीतरी दोन्ही हातांनी पाती ओढून उभं राहायचं, बोटांना मुंग्या येईपर्यंत. आता आमच्याकडे आपलं आपण धरून राहणारा रिट्रॅक्टर आहे. कात्रीसारख्या दोन दांड्या, टोकाला वळलेली पाती, मागे दातेरी पट्टी. आत बसवून उघडला की कट कट करत दाते बसतात आणि सगळ्यांचे हात मोकळे होतात. फक्त एक सांभाळायचं. पात्यांच्या जवळून एक नस जाते, ताण फार वेळ राहिला तर ती रुसते. म्हणून मी अधूनमधून "सैल" म्हणते. डॉक्टर दोन दाते सोडतात, खांदा श्वास सोडल्यासारखा जरासा मिटतो, की पुन्हा काम सुरू.

बाबांचा उजवा खांदा पाग फेकताना निखळायचा. पाग म्हणजे हातानं फेकायचं गोल जाळं, कडेला शिशाच्या गोळ्या लावलेलं. निम्मं खांद्यावर घ्यायचं आणि अंगाला गिरकी देऊन भिरकवायचं. शेवटच्या वेळी जाळं खाडीत गेलं आणि हात तसाच लोंबत राहिला. डॉक्टर म्हणाले, उघडून हाडाचा तुकडा स्क्रूनं बसवू, मग पुन्हा पाग फेकता येईल.

बाबांनी अट घातली. "तू धरशील त मी निजन."

"बाबा, आता हातानं नाही धरत. ते आपलं आपण राहतं."

"मंग तू पगार कनाला घेतंस?"

आई म्हणाली, "ती बघायचा पगार घेतं. तुमी गप निजा."

घरच्या माणसाच्या ऑपरेशनला सहसा उभं राहू देत नाहीत. डॉक्टरांनी विचारलं, "झेपेल?" मी म्हटलं, "झेपेल, सर."

हिरव्या कापडांतून फक्त खांदा दिसत होता. बाबा तिथे नव्हतेच. त्यांचा श्वास मशीनमध्ये होता, त्यांचं काळीज मॉनिटरवर टिकटिकत होतं. रिट्रॅक्टर बसला आणि त्या पांढऱ्या उजेडात मला ओहोटीची खाडी दिसली. पाणी मागे सरलेलं, चिखल चकाकतोय, आणि कुठून तरी ओलावा झिरपतोच आहे. मी त्या काठावर अनवाणी उभी होते आणि माझे हात न सांगता डॉक्टरांना हवं ते देत होते.

"सैल, सर." दोन दाते सुटले. थोड्या वेळानं पुन्हा सुटले.

स्क्रू आत जात असताना मी परत म्हटलं, "सैल."

"थांब. आत्ता तुकडा हलेल."

त्यांचं बरोबरच होतं. मी थांबले. एसीचा आवाज लांब गेला, मॉनिटर लांब गेला, मला फक्त दाते दिसत राहिले. मग स्क्रू बसला, दाते सुटले, खाडी मिटली.

भूल होतीच, वर मानेत सुई देऊन हातही बधिर केलेला. तो बधिरपणा उतरेपर्यंत नस शाबूत आहे की ताणली गेलीय, हे कोणालाच सांगता येत नाही. ताणली असेल तर हात वर जायला कित्येक महिने लागतात. कधी कधी जातच नाही.

दुपारी खोलीत मी बाबांजवळ बसलेले. खिडकीबाहेर उड्डाणपुलावरून गाड्या आवाजाशिवाय सरकत होत्या, जणू पाण्याखालून. अर्धवट गुंगीत बाबांनी डाव्या हातानं उजवा चाचपला.

"यो कोनाचा हात हाय?"

"तुमचाच."

"जाल्यातल्या घोलीसारका जड लागतं."

खांद्याच्या बाहेरच्या बाजूला त्या नसेची जागा असते, तिथला स्पर्श तिच्यामुळेच कळतो. तिथं मी कापूस फिरवला. "कळतंय?"

"नाय."

परत फिरवला.

"नाय गं. मना रंग लावतंस काय?"

आधी अंगठा हलला. मग कोपर वाकला. आई म्हणाली, "झालं, आला हात." मी तिथं परत कापूस फिरवला. ती एक जागा अजून गप्प होती. आई खुर्चीतच पेंगली, भिंतीवरचं ऊन वर सरकत गेलं, आणि मी कापूस टाकून नुसतं बोट टेकवून बसले. कधी माझाही डोळा लागला कोण जाणे. बोट मात्र तिथंच होतं.

"दुखतंय, बाय."

मी दचकून सरळ बसले. "कुठं?"

"आता तूच बोट ठेवलंस ना तिथं."

मी बोट उचललं, परत ठेवलं. "इथं?"

"हां. तिथं पन, आन फुडं पन. सगला खांदा ठनकतंय."

दुखणं थांबवायचं इंजेक्शन लिहिलेलं होतं, सिस्टर बाहेरच बसलेली. बेल माझ्या हातात होती. ती दाबायच्या आधी मी त्यांना अजून एकदा विचारलं, कुठं दुखतंय म्हणून.