फक्त प्लेटलेट्स

“मॅडम, प्लेटलेट्स किती? तेवढंच सांगा.”

अर्नाळ्याच्या हेमाताई काउंटरवर वाकून विचारत होत्या. त्यांचा मासळीचा धंदा. एकोणीस वर्षांच्या मुलीला, रेश्माला, डेंग्यू झाला होता. ती घरीच झोपून होती आणि तिचं रक्त रोज आमच्या बोळिंजच्या लॅबमध्ये येत होतं. मी इथली टेक्निशियन, गेली बावीस वर्षं.

“ब्याऐंशी हजार. कालच्याएवढ्याच.”

“मंग बरं हाय. ताप पन उतरलाय.”

त्या निघाल्या. माझी नजर स्क्रीनवर गेली आणि डोकंच फिरलं. पीसीव्ही त्रेचाळीस. परवा पस्तीस होता.

पीसीव्ही म्हणजे रक्त किती घट्ट आहे त्याचा आकडा. मशीन एका नमुन्यातून सगळंच मोजतं. पण डेंग्यूच्या दिवसांत डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘फक्त प्लेटलेट्स’ लिहून येतं, आणि आम्ही बाकीचे आकडे झाकून रिपोर्ट देतो. ही आमची पद्धत.

रक्त घट्ट का होतं? रक्तवाहिनीला आतून पेशींचं अस्तर असतं. त्या पेशींवर भिजलेल्या सब्जाच्या बीवर असतो तसा बुळबुळीत थर असतो. त्यात हायलुरोनन नावाचे लांब धागे असतात, पाणी धरून ठेवणारे. थर शाबूत असेल तोवर रक्तातलं पाणी वाहिनीतच राहतं. डेंग्यूत तो झिजतो, हायलुरोनन सुटून रक्तात वाहून जातं. मग पाणी पोटात, छातीत झिरपतं आणि बीपी कोसळतं. हे होतं नेमकं ताप उतरताना, घरचे निर्धास्त झाल्यावर.

मी सरांच्या केबिनमध्ये गेले. लॅब त्यांची.

“सर, रेश्माचा पीसीव्ही चढलाय. पूर्ण रिपोर्ट देते.”

“चिठ्ठीवर काय आहे?”

“फक्त प्लेटलेट्स.”

“मग तेवढंच जाईल. उद्या सगळेच प्लेटलेट्सच्या पैशात पूर्ण रिपोर्ट मागतील. आणि तुम्ही डॉक्टर आहात का?”

मोबाईलमधून मान वर न काढता बोलले. पोरीच्या जिवावर बेतलंय आणि ह्यांना चिठ्ठीची पडलीय!

“नाही सर. पण आकडे वाचता येतात.”

पूर्ण रिपोर्ट छापला, पीसीव्हीभोवती लाल गोल केला आणि धावत रस्त्यावर गेले. हेमाताई रिक्षात बसत होत्या.

“पोट दुखतंय का तिचं?”

“दुखतंय. उलट्या पन करते.”

“लघवी झाली आज?”

“सकालपासून नाय.”

“आत्ताच्या आत्ता अॅडमिट करा. हा कागद दाखवा.”

“पन ताप तं उतरलाय…”

“म्हणूनच सांगतेय!” मी ओरडलेच. आजूबाजूची माणसं बघायला लागली.

मग त्यांच्या डॉक्टरांना फोन केला. “मला तुम्ही रोज फक्त प्लेटलेट्सच पाठवताय,” ते म्हणाले. चिठ्ठी त्यांचीच होती, पण बोलले ते खोटं नव्हतं. बेडची सोय त्यांनी लगेच केली.

रेश्मा पोचली तेव्हा हातपाय गार, नाडी जेमतेम लागत होती. सलाइन वेळेवर सुरू झालं. पाचव्या दिवशी ती घरी गेली.

“झालं ते बरं झालं,” सर म्हणाले. “पण पुन्हा पद्धत मोडू नका.”

आकडे झाकण्याची ती सोय मी त्याच दिवशी सॉफ्टवेअरमधून काढून टाकली आणि सरांना तसं सांगितलं. हवं तर मला काढा, म्हटलं. अजून काढलेलं नाही. मशीन मोजतं ते सगळं छापावं, एवढा साधा धडा.

राग मात्र जात नाही. तो एकट्या सरांवर नाही. इतके पावसाळे ते आकडे मी माझ्या हाताने झाकले. कुणाकुणाचे, आठवत नाही.