डाव्या हातावरचा मोजा

अकोल्याच्या माझ्या धाकट्या बहिणीला एक नात आहे. आता ती चार वर्षांची आहे. जन्माच्या आधीच तिच्या मेंदूला इजा झाली, म्हणून उजव्या हाताची मूठ मिटलेलीच असते. सगळी कामं ती डाव्या हाताने करते. आरतीनंतर तिने प्रसादाला डावा हात पुढे केला की माझी बहीण ओशाळते.

जानेवारीत बहिणीचा फोन आला. "ताई, डॉक्टरीणबाईनं पोरीच्या डाव्या हातात मोजा घालाले सांगतला. म्हणजे उजवा चालू लागते म्हणे."

मला लगेच संशय आला. आमच्या लहानपणी डावखुऱ्या मुलांचा हात शाळेत बांधून ठेवत. तेच आता शास्त्राच्या नावाखाली चाललं असेल तर? याविषयीचे इंग्रजी लेख मी वाचून काढले आणि अमरावतीहून निघून बडनेऱ्याला अकोल्याची गाडी धरली.

पोरीवर उपचार चालू होते त्या केंद्रात शिरताच भिंतीवर पोस्टर दिसलं : 'मेंदू नव्याने घडवा!' मी वाचलेल्या लेखांत पानोपानी 'कदाचित' होतं. पोस्टरवर ते कुठेच नव्हतं.

"हात पूर्ण बरा होणार का?" मी बहिणीच्या 'डॉक्टरीणबाई'ला, म्हणजे फिजिओथेरपी करणाऱ्या तरुण बाईला, विचारलं.

"नाही आजी. मदतीला येईल, एवढी आशा आहे."

"मग हे पोस्टर?"

"थे मालकानं लावलं," ती हसली. "मी काढलं तर मलेच काढतीन."

तिने नीट समजावलं. हात वापरला नाही, तर मेंदूतली त्याची जागा दुसऱ्या कामांना जाते. लहान मुलांचा मेंदू लवकर वळतो, म्हणून चांगला हात थोडा वेळ झाकून दुबळ्याला कामाला लावायचं. "पण फक्त खेळताना. जेवताना नाही, रडली तर नाहीच. डावा हातबी अजून शिकूनच राहिला ना."

घरी आले तर पोरगी ताटावर बसलेली, आणि मोजा हातातच. मिटलेली मूठ वरणभातात बुडत होती, तोंडापर्यंत घास जात नव्हता.

"आजी, मले भूक लागली."

"मंग खा ना उजव्या हातानं," बहीण म्हणाली.

"मोजा काढ तिचा," मी म्हणाले. "जेवताना घालायचा नाही. आत्ताच विचारून आले."

"तुले काय होते! तू अमरावतीले राहतं. इथं लोक मले म्हणतात, पोरीले वळण नाही लावलं."

तिची सून दारात उभी होती. ती पुढे आली, मोजा काढला आणि खुंटीला अडकवला. "आई, लोकाईले मी सांगतो. तिले जेवू द्या."

पोरीने डाव्या हाताने दोनदा भात घेतला. बहीण पाणी आणायला म्हणून उठली ती परत आलीच नाही.

दुपारी मोजा घालून तुरीच्या शेंगांशी खेळताना उजवी मूठ जराशी उघडली, एक शेंग वाटीत पडली. सून टाळ्या वाजवू लागली. मला वाटलं, चुकून झालं असेल. अजूनही तसंच वाटतं.

आता मी फोन सुनेला करते, बहिणीला नाही. "जेवली कोणत्या हातानं?" विचारते, आणि कॅमेरा ताटाकडे वळवायला लावते. काल पाहिलं : उजव्या मुठीने ताट दाबून धरलं होतं आणि डाव्याने भाकर खाणं चाललं होतं. शेजारी बहीण बसली होती, तोंड भिंतीकडे करून.