दसऱ्याचं लिंबू आणि गाडीचा विमा

सिंहगड रस्त्याच्या दोन्ही अंगांना राहणाऱ्या समस्त वाहनधारकांस, त्यांच्या सासू-सासऱ्यांस आणि विशेषतः त्यांच्या पार्किंगमधल्या खांबांस कळविण्यात येते की, प्रस्तुत लेखिका आज एका अत्यंत गंभीर प्रकरणावरचा पडदा उचलत आहे. कृपया कोणीही जागेवरून उठू नये. विशेषतः खांबांनी.

प्रकरण आमच्या धायरीच्या फ्लॅटमधलं, मे महिन्यातल्या एका शनिवारचं. माझ्या गाडीचा विमा त्या दिवशी संपत होता. गाडी माझ्या नावावर, माझ्या शाळेतल्या पगारातून घेतलेली. पण ती चालवायला शिकवलं सासऱ्यांनी. पंचेचाळिसाव्या वर्षी मी पहिल्यांदा क्लच दाबला तेव्हा शेजारी बसून ते म्हणाले होते, "सूनबाई, घाबरायचं नाही. घाबरायचं काम समोरच्यांचं." तेव्हापासून मी त्यांची एकमेव विद्यार्थिनी होते आणि ते माझी जाहिरात. लिफ्टमध्ये, बँकेत, दवाखान्यात ते लोकांना ऐकवत, "चार वर्षं झाली. गाडीवर एक ओरखडा नाही!"

ओरखडा नव्हता हे खरं होतं. कसा नव्हता, ते आधी सांगते.

आदल्या दसऱ्याला सासरे नाशिकला नणंदेकडे गेले होते आणि नवरा ऑफिसच्या कामासाठी बाहेरगावी. गाडीची पूजा मी एकटीनंच केली. हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, चार चाकांखाली चार लिंबं ठेवली. आता गाडी हातभर पुढे घेऊन लिंबं चिरडायची, एवढंच बाकी होतं. पुढचं लिंबू नीट फुटतंय का, हे पाहायला मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. नजर लिंबावर आणि पाय ॲक्सिलरेटरवर. लिंबं चारही उत्तम फुटली. त्यांच्यासोबत पुढचा बंपर फुटला, डावा दिवा फुटला आणि पार्किंगच्या तिसऱ्या खांबाचं गुडघाभर उंचीवरचं प्लास्टर खाली आलं.

गाडी मी भवानी पेठेतल्या चाचांच्या गॅरेजला नेली. त्यांच्या आजोबांपासूनचं गॅरेज. चाचांनी बंपरला चिकटलेली झेंडूची पाकळी काढून माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "ताई, लिंबू बाहेरच्या नजरेसाठी असतं. आतल्या ड्रायव्हरवर त्याचा इलाज चालत नाही." मग त्यांनीच विम्याचा क्लेम भरून दिला, कंपनीचा माणूस पाहून गेला आणि सासरे परतायच्या आत गाडी नव्या नवरीसारखी उभी होती. नवऱ्याला मी फोनवर सांगितलं. सासऱ्यांना मी ते आल्या आल्या सांगणार होते. देवाशपथ सांगणार होते.

पण सासऱ्यांना आधी खांब दिसला.

"हे बघ निकृष्ट काम!" बॅग हातात तशीच धरून ते म्हणाले. "पाच वर्षांत प्लास्टर गळतंय!" त्याच संध्याकाळी बिल्डरला पहिलं पत्र गेलं. पुढे अकरा गेली. बिल्डर बिचारा स्वतः आला, खांबापाशी उकिडवा बसला आणि म्हणाला, "काका, ही गाडीची धडक आहे. उंची बघा ना, बरोबर बंपरची आहे."

सासरे त्याला हाताला धरून माझ्या गाडीपुढे घेऊन गेले. "ही घ्या त्या जागेवरची गाडी. दाखवा ओरखडा." बिल्डर वाकला, चष्मा पुसला, परत वाकला. "माझ्या सुनेनं चालवायला घेतल्यापासून ही गाडी उलट नवी दिसायला लागली आहे!" सासरे गरजले. मी जिन्यात भाजीची पिशवी घेऊन उभी होते. तिथूनच मागे फिरले आणि चार मजले चढून गेले.

शेवटी बिल्डरनं हात टेकले. खांब दुरुस्त करून दिला आणि वर लेटरहेडवर दिलगिरीचं पत्र दिलं. सासऱ्यांनी ते लॅमिनेट करून आणलं. कोणी आलं की दाखवायचे. एरवी लिहिताना कागदाखाली धरायचे.

त्या शनिवारीही ते कागदाखालीच होतं. वर होता विम्याचा तक्ता: तीन कंपन्या, तीन रकाने, लाल शाईच्या रेघा. आमची जुनी कंपनी रकान्यात नव्हती, कारण सासऱ्यांच्या मते "वर्षभर हप्ता घेतात आणि नूतनीकरणाची साधी सूचना पाठवत नाहीत. उद्धट!" सूचना आली होती. माझ्या मोबाइलवर. तिच्यात क्लेमची नोंद होती, म्हणून मी ती वाचून पुसून टाकली होती.

समोर विम्याच्या एजंट बाई बसल्या होत्या, भर उन्हात विश्रांतवाडीहून स्कूटरवर आलेल्या. सासरे त्यांची तोंडी परीक्षा घेत होते.

"ही पहिली सगळ्यात स्वस्त. का?"

"काका, तिच्यात गाडीची किंमतच कमी धरली आहे. उद्या गाडी चोरीला गेली तर तेवढीच मिळणार."

"म्हणजे स्वस्त नाही, कंजूष." त्यांनी पहिल्या रकान्यावर काट मारली. "आणि दुसरी?"

"दुसरीत किंमत बरोबर आहे. पण बंपरसारखा प्लास्टिकचा भाग बदलला तर जुना झाला म्हणून निम्मे पैसे कापतात."

बंपर हा शब्द ऐकताच नवऱ्यानं वर्तमानपत्र तोंडापुढे घेतलं.

"आम्हाला बंपरचं काय कारण?" सासरे म्हणाले. "पण पाण्याचं सांगा. आमच्या पार्किंगमध्ये पावसाळ्यात पाणी भरतं."

"मग तिसरीच घ्या. साध्या विम्यात पाण्यातल्या गाडीची किल्ली फिरवली आणि इंजिन गेलं, तर तो खर्च तुमचा. तिसरीत इंजिनाचं वेगळं संरक्षण आहे. महाग आहे, पण तुम्हाला क्लेम न केल्याची सूट बसेल. क्लेम नाही ना केलेला?"

सासऱ्यांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू त्यांनी घरात कोणी तुरुंगात जाऊन आलंय का, असं विचारलं होतं. मग तक्ता बाजूला सारून अर्ज त्या पत्रावर ओढला आणि 'गेल्या वर्षातील क्लेम' याच्यापुढे आपल्या देखण्या अक्षरात लिहिलं, 'नाही'. खाली रेघ मारली. खालच्या पत्रासकट अर्ज माझ्याकडे सरकवला आणि पेनाचं टोपण काढून पेन माझ्या हातात दिलं.

"कर सही."

पेन हातात घेतलं. अर्जाच्या कडेखालून लॅमिनेशन चकाकत होतं आणि बिल्डरची 'दिलगीर' एवढी अक्षरं दिसत होती.

"एक सांगते हं," एजंट बाई पाण्याचा ग्लास ठेवत म्हणाल्या, "हे खोटं निघालं तर खरी गरज पडेल तेव्हा क्लेम फेटाळतात. कंपन्या एकमेकींना विचारतात."

"खोटं?" सासरे हसले. "ही माझ्या हाताखाली शिकली आहे."

मी नवऱ्याकडे पाहिलं. वर्तमानपत्रामागून आवाज आला, "चहा टाकू का मी?" लग्नाच्या वीस वर्षांत या माणसानं चहा टाकला नव्हता. आमच्या स्वयंपाकघरात चहाची पूड कुठे असते, हेही त्याला ठाऊक नव्हतं. तरी तो उठला आणि आत पळाला.

पेनाचं टोक कागदाला टेकलं. निळा ठिपका उमटला. सही केली असती तर सासऱ्यांची शान राहिली असती आणि पहिल्याच पावसाळी पाण्यात माझी गाडी बिनविम्यासारखी उभी राहिली असती, तीही त्यांच्या अक्षरातल्या 'नाही'च्या भरवशावर. सही केली नाही, तर चार वर्षांची विद्यार्थिनी आत्ताच, परक्या बाईसमोर, नापास होणार होती. ठिपका पसरत चालला.

"शाई सांडतेस," सासरे म्हणाले.

"बाबा, मी धडकवली."

"काय?"

"गाडी. दसऱ्याला, तुम्ही नाशिकला होतात तेव्हा. लिंबं बघत होते. बंपर गेला, दिवा गेला. चाचांकडून करून घेतली. क्लेम घेतलाय." एका दमात सगळं बाहेर आलं. पेन मी टेबलावर ठेवलं नाही, ते हातातून पडलं.

एजंट बाईंनी पर्समधून हळूच कॅल्क्युलेटर काढला, आमची तोंडं पाहिली आणि परत आत ठेवला. आत नवऱ्याच्या हातून काहीतरी घरंगळलं. सासऱ्यांनी अर्ज उचलला, आपला 'नाही' वाचला, तो एका रेघेनं खोडून वर तितक्याच देखण्या अक्षरात 'होय' लिहिलं. मग त्यांची नजर खाली गेली, अर्ज उचलल्यामुळे उघड्या पडलेल्या त्या लॅमिनेट केलेल्या पत्रावर. ती तिथेच थांबली. आता गाडीची किल्ली मागतात, असं मला वाटलं.

सासऱ्यांनी दोन्ही हात डोक्याला लावले आणि ओरडले, "अरे देवा, म्हणजे तो बिल्डर खरं बोलत होता!"