रणगाडा मागे घेताना

ही गोष्ट मी आजवर टाळत आलो. बायकोला सांगितली नाही, मुलांना सांगितली नाही. सैन्यातून निवृत्त होऊन सोलापुरात घर बांधलं, कॉलनीत ‘रिसालदार साहेब’ झालो, सव्वीस जानेवारीला शाळेत झेंड्यासमोर भाषणं केली. बोलताना ही गोष्ट जवळ आली की तिला वळसा घालून पुढं जायची सवय लागली.

सकाळी फिरून आल्यावर आम्ही पेन्शनर मंडळी बागेच्या कट्ट्यावर बसतो. सैन्य नवे रणगाडे घेणार, जुन्यांना नवी इंजिनं आणि नव्या दुर्बिणी बसवणार, अशी बातमी पेपरात आली की बँकेतून निवृत्त झालेले आमच्यातले एक जण पेपर माझ्या मांडीवर टाकतात. “बोला साहेब, तुमच्या खात्यातलं आहे.” मग मी बोलतो, आणि बऱ्यापैकी बोलतो. धुरातून कसं दिसतं, अंधारात कसं दिसतं, लोक माना डोलावतात. गेल्या महिन्यात त्यांनी विचारलं, “एवढं सगळं दिसतं म्हणता, मग अपघात कसे होतात हो?”

“माणसाची चूक,” असं म्हणून मी उठलो. कोणत्या माणसाची, ते सांगितलं नाही. ते इथं लिहितो.

मी तेव्हा दफेदार होतो, म्हणजे इतर पलटणींतला हवालदार. एका रणगाड्याचा कमांडर होतो. आमच्या रणगाड्यात तीनच माणसं. वर टरेटमध्ये, म्हणजे तोफेच्या फिरत्या बुरुजात, मी आणि माझ्या शेजारी गनर, तो हरियाणाचा. खाली पुढच्या बाजूला, जवळजवळ आडवा होऊन बसलेला ड्रायव्हर. हा ड्रायव्हर वळसंगचा. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि दोन्ही भाषांत थट्टा. रेजिमेंटमध्ये सोलापूरकडचे आम्ही दोघेच, त्यामुळं मी कमांडर असलो तरी आमचं नातं गाववाल्यांचं होतं. तो मला ‘उस्ताद’ म्हणायचा.

रणगाड्याच्या ड्रायव्हरला मागचं काही दिसत नाही. पुढचंही जेमतेम दिसतं. रणगाडा मागे घ्यायचा असला की तो पूर्णपणे कमांडरच्या तोंडावर चालतो. कमांडरनं वर डोकं काढून मागे बघायचं, हेल्मेटातल्या इंटरकॉमवर बोलायचं, आणि तो बोलेल तसं ड्रायव्हरनं गाडी ओढायची. शिवाय जमिनीवर मागे एक माणूस उभा करायचा, असा नियम. आमचा ड्रायव्हर म्हणायचा, “उस्ताद, माझ्या पाठीला डोळे न्हाईत. तुमी विहिरीत घाला म्हणलाव तर विहिरीत घालतो की.”

“विहीर दिसली तर सांगतो,” मी म्हणायचो.

“दिसली तर! बायकूला कळवून ठिवतो मग.”

हुकूम हिंदीत द्यायचे असा दंडक होता. आम्ही दोघं मात्र इंटरकॉमवर मराठीत बोलायचो. ‘मागं घे’, ‘डावी धर’, आणि थांबवायचं असलं की ‘बास’. गनर वैतागायचा, “अरे, गाली दे रहे हो क्या मुझे?” आम्ही हसायचो. अधिकाऱ्यांनी दोनदा हटकलं होतं. पण घरापासून इतक्या लांब, वाळवंटात, कानात आपली भाषा ऐकू यायची, ती सोडवत नव्हती.

त्या हिवाळ्यात आमचे काही रणगाडे नवी दुर्बीण बसवून परत आले. उष्णतेवर चालणारी दुर्बीण. जे गरम ते पांढरं दिसणार, जे थंड ते काळं. जुन्या यंत्रातून रात्री हिरवट धूसर काहीतरी दिसायचं, तेही जवळचंच. हे नवीन प्रकरण आम्हाला जादूसारखं वाटत होतं. शिवाय रेजिमेंटला पुढं अगदी नवे रणगाडे मिळणार होते, आणि त्यांचं शिक्षण घ्यायला कोणाला पाठवायचं याच्या यादीत माझं नाव चर्चेत होतं. नायब रिसालदारीची बढतीही जवळ आली होती. मला ते नवे रणगाडे हवे होते, हे कबूल करतो. लहान पोराला जत्रेतली गाडी हवी असते, तसे हवे होते.

चाचणीच्या दिवशी सकाळी गोळीबाराच्या रेंजवर धुळीचा पडदा होता. साध्या डोळ्यांना समोरचं टेकाडही दिसत नव्हता. मी नव्या पडद्यावर डोळे लावले आणि दूरवर मेंढरांचा कळप दिसला. पांढरे ठिपके सरकत होते, त्यांच्या मागे मेंढपाळ, त्याच्या हातात बहुतेक पेटलेली विडी, कारण एक बारीक ठिणगी वर खाली होत होती. मी हरखून गेलो. तेवढ्यात रेडिओवर हुकूम आला की गाडी थोडी मागे घ्या, शेजारच्या रणगाड्याच्या तोफेची नेमाची रेघ मोकळी करायची आहे.

मी इंटरकॉमवर म्हणालो, “मागं घे.”

डोकं वर काढलं नाही. मागे माणूस उभा केला नाही. थोडंसंच तर घ्यायचं होतं. डोळे पडद्यावरच होते आणि मी म्हणालो, “आयला, काय दिसतंय रे!” गाडी थांबेपर्यंत माझ्या तोंडून निघालेले ते शेवटचे शब्द. त्यानंतर बाहेर आरडाओरडा झाला, कोणीतरी लोखंडावर काहीतरी आपटायला लागलं, आणि ड्रायव्हरनं स्वतःच गाडी थांबवली.

मागे आमच्या वर्कशॉपचा एक मेकॅनिक खाली बसून ताडपत्रीची दोरी सोडवत होता. त्याचा पाय पट्ट्याखाली आला. दूरची विडी दाखवणाऱ्या यंत्रापाशी बसून मला माझ्याच गाडीमागचा माणूस दिसला नाही. तो वाचला, पण गुडघ्याखालचा पाय गेला.

चौकशी तंबूत झाली. मी रात्रभर काही ठरवलं होतं असं नाही. अधिकाऱ्यांनी विचारलं, “तुम्ही थांबायचा हुकूम दिला होता?” आणि मी म्हणालो, “दिला होता. बास म्हणालो होतो.” मी पाहत होतो का, असं विचारल्यावर ‘होय’ म्हणालो. त्या दोन वाक्यांना मिळून एकच श्वास पुरला.

गनरला विचारलं. तो म्हणाला, “साहब, ये दोनों अपनी बोली में बोलते हैं। कुछ बोला था, क्या बोला मुझे क्या पता।” ज्या भाषेच्या उबेसाठी आम्ही दंडक मोडत होतो, त्याच भाषेच्या आड मी लपलो. हिंदीत बोलत असतो तर त्या गनरनं मला तिथंच उघडं पाडलं असतं.

मग ड्रायव्हरला विचारलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत संशय नव्हता, ओशाळलेपण होतं. “उस्ताद म्हणतात तर म्हणले असतील साहेब. मला ऐकू आलं न्हाई.”

त्याचे कान तपासले. रणगाड्यात वर्षं काढलेल्या कोणत्याही माणसाचे कान तपासा, थोडं कमीच निघतं. माझे तपासले असते तर त्याच्यापेक्षा वाईट निघाले असते. त्याची वैद्यकीय श्रेणी खाली आणली, रणगाड्यावरून उतरवलं, आणि उरलेली नोकरी त्यानं लंगरात, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाकघरात, भाज्या आणि धान्य उतरवण्यात काढली. मी चौकशीत शेवटी हात जोडून म्हणालो होतो, “साहेब, पोरगा गुणाचा आहे, दोष कानाचा आहे, नोकरी घालवू नका.” सगळ्यांना वाटलं, काय मोठ्या मनाचा दफेदार आहे.

त्यानंतर एका रविवारी आम्ही दोघं मिलिटरी हॉस्पिटलात गेलो. मी सफरचंदं घेऊन वॉर्डाच्या दाराशी उभा राहिलो. तो आत गेला, खाटेच्या पायथ्याशी वाकला आणि त्या मेकॅनिकला म्हणाला, “माफ करो भाई, मुझे सुनाई नहीं दिया।” मेकॅनिकनं तोंड फिरवलं. मी मागायची होती ती माफी त्यानं मागितली, आणि नाकारलीही गेली ती त्यालाच. बाहेर आल्यावर तो म्हणाला, “पुढल्या रविवारी परत येतो.” आला. मी गेलो नाही.

मला नव्या रणगाड्यांचं शिक्षण मिळालं. पुढं मीच शिकवायला लागलो. पहिल्याच तासाला मी फळ्यावर लिहायचो की गाडी मागे घेताना कमांडरचा डोळा दुर्बिणीला असता कामा नये. पोरं वहीत उतरवून घ्यायची. शिकवणारा म्हणून माझं नाव झालं ते अशा गोष्टींमुळंच.

निवृत्तीनंतर वळसंग किती लांब? अक्कलकोट रस्त्यावर एसटीनं जाऊन दुपारच्या जेवणाला परत येता येतं. तरीही जायला मला कितीतरी वर्षं लागली. दोन वर्षांपूर्वी गेलो. निघताना बायकोला सांगितलं, जुन्या मित्राला भेटून येतो. मनात वाक्य तयार होतं.

“या की उस्ताद! कवा आलाव? फोन तरी करायचा!” त्यानं मिठीच मारली. केस पांढरे, बाकी तोच. त्याची बायको “बर्री, कूड्री”, या, बसा, म्हणत सतरंजी टाकून चहा ठेवायला आत गेली. मुलगा ट्रॅक्टर पुसत होता. मी सहज म्हणालो, “आता हा चालवतो का? तू नाही बसत?”

मुलगाच हसून म्हणाला, “अण्णा? अण्णा फटफटीलासुदिक हात लावत न्हाईत. नातवाला शाळंत सोडायचं तर चालत जातात. मागनं गाडी आली तर ऐकू येत न्हाई म्हणं.”

“एकदा माणसाचा पाय गेलाय माझ्या कानापायी,” तो शांतपणे म्हणाला. “परत कशाला परीक्षा?”

तेवढ्यात आत त्याची बायको स्वतःशीच काहीतरी पुटपुटली. मला शब्द कळले नाहीत. तो इथून ओरडला, “दूध नासलं तर नासू दे, कोरा चहा कर! उस्ताद काय पाव्हणे हाईत व्हय?” आणि माझ्याकडं वळून हसला.

भिंतीपलीकडचं पुटपुटणं त्याला ऐकू गेलं होतं, आणि इतकी वर्षं तो स्वतःला बहिरा समजत होता. घरातल्या कोणालाही ते विचित्र वाटत नव्हतं, कारण त्याचे कान गेलेत हे त्यांना सैन्यानं सांगितलं होतं. सैन्याला मी सांगितलं होतं.

चहा आल्यावर त्यानं बायकोला बोलावून उभं केलं. “हे बघ, हेच ते. हेनीच माझी नोकरी वाचवली. साहेब लोकांम्होरं हात जोडले माझ्यासाठी.” तिनं पदर सावरून मला वाकून नमस्कार केला. मी पाय मागे घेतले, पण उशीर झाला होता.

तो मला स्टँडपर्यंत सोडायला आला. रस्त्यात आम्ही दोघंच होतो. तो म्हणाला, “तुमी ‘काय दिसतंय’ म्हणलाव तेवढं ऐकलं बगा उस्ताद. त्येच्या पुढचं बास काय कानात शिरलंच न्हाई. लई इचार केला. कसं न्हाई ऐकलं?” खरंच विचारत होता तो. उत्तर मिळेल म्हणून थांबलाही होता.

मी म्हणालो, “जाऊ दे आता. जुनं झालं.”

एसटी आली. मी खिडकीतून हात केला.

गेल्या उन्हाळ्यात त्याच्या मुलाचा फोन आला, अण्णा गेले. छातीत कळ आली, दवाखान्यापर्यंत पोचले नाहीत. मी दहाव्याला गेलो. मुलगा आल्यागेल्याला माझी ओळख करून देत होता, अण्णांना सांभाळून घेतलेले साहेब म्हणून. मी मान खाली घालून बसलो. लोकांना ते दुःख वाटलं.

हे लिहून झालं की पहिल्यांदा त्या मुलाला वाचायला देणार आहे. त्यानंतर त्यानं मला दारात उभं केलं नाही, तर तो त्याचा हक्क आहे. पण त्याला सांगणं म्हणजे त्याच्या बापाला सांगणं नव्हे. त्या दिवशी वळसंगच्या रस्त्यावर तो विचारून थांबला होता, तेव्हा मला एवढंच म्हणायचं होतं: गड्या, तुझा कान चांगला होता. मी बास म्हणालोच नव्हतो. तुझ्याकडून काही चुकलं नाही, चुकलं ते माझं, आणि वर ते मी तुझ्या माथी मारलं. मला माफ कर.